दोन भाडेकरूंमधला शनिवार

पहाटे ५:३०

मे महिन्याचा शेवटचा शनिवार. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात, त्याआधी माणसांना नव्या घरात स्थिरस्थावर व्हायचं असतं. त्यामुळे पुण्यात भाड्याच्या घरांची खरी ये-जा याच दिवसांत चालते. धायरीतल्या माझ्या वन बीएचकेमधलं पहिलं कुटुंब आज सकाळी निघतंय आणि नव्या कुटुंबाचा करार संध्याकाळी नोंदवायचाय. मधले दहा-अकरा तास घर रिकामं, माझ्या हातात. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

पिशवीत वही, टॉर्च, मोजपट्टी, खडू, जुना करार, वीजबिलाची प्रत. आईने चहा ठेवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “वेळेवर निघतायत ना ते?”

तिचा हा प्रश्न शनिवार पेठेतून आलाय. तिच्या माहेरच्या वाड्यात आठ बिऱ्हाडं होती, कुणाचं भाडं वीस रुपये, कुणाचं चाळीस. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ते जिथल्या तिथे थांबलं आणि पुढच्या पिढीपर्यंत थांबलेलंच राहिलं. एवढ्या भाड्यात वाड्याची कौलं शाकारायलाही पैसे पुरत नव्हते. मालक दुरुस्ती करेना, भाडेकरू सोडेना, शेवटी मागच्या सोप्याला लाकडी टेकू लावले. आजोबांना भाडेकरू वाईट मिळाले होते असं मला वाटत नाही. दोन्ही बाजूंची माणसं साधी होती. त्यांच्यामधला कागद मात्र असा होता की घर सांभाळण्यात कुणाचंच हित उरलं नाही. आईच्या मनात त्याचं एकच वाक्य झालं : भाडेकरू ठेवला की घर गेलं. मी घर घेतलं तेव्हा ती आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नव्हती.

“निघतायत आई. टेम्पो आठचा आहे.”

सकाळी ८:००

टेम्पो खाली लागलेला, गाद्या आधीच चढवलेल्या. नवऱ्याची नाशिकला बदली झालीय. बायको मला ताई म्हणते, मीही तिला ताईच म्हणते. कडेवर दीड वर्षाची मुलगी. ते याच घरात राहत असताना ती जन्मली.

निघताना पहिलं काम वीज मीटरचं. जिन्याखालच्या पेटीपाशी आम्ही दोघी गेलो, टॉर्च धरून आकडा वाचला, दोघींच्या फोनवर फोटो काढला. मीटर माझ्या नावावर आहे. शेवटचं बिल ते गेल्यावर येणार, ते भरलं नाही तर थकबाकी माझीच. म्हणून मागच्या बिलाचा आकडा आणि आजचा आकडा यातला फरक काढायचा, युनिटचा हिशेब तिथेच मांडायचा. पाइप गॅसच्या मीटरचंही तसंच. दोन्ही मिळून ९४० रुपये निघाले, तिने लगेच मान्य केले.

मग घर. ताब्याच्या दिवशी दोन वर्षांपूर्वी मी प्रत्येक खोलीचे फोटो काढून त्यांनाही पाठवले होते, ते आज कामाला आले. किचनच्या ओट्यामागची टाइल तडकलेली होती, ती आधीपासूनचीच. बाल्कनीच्या सरकत्या दाराची जाळी फाटलीय, ती त्यांच्या काळातली. पण दोन वर्षांत जाळी फाटतेच. वापरानं जे झिजतं ते मालकाचं, निष्काळजीपणानं जे मोडतं ते भाडेकरूचं, अशी रेघ मी माझ्यापुरती आखली आहे आणि शंका आली तर पारडं त्यांच्याकडे झुकवते.

हॉलच्या स्लॅबला एक कडी आहे. पाळण्यासाठी लावायची म्हणून त्यांनी मला विचारलं होतं, मीच मिस्त्री पाठवून पक्की बसवून घेतली होती. “काढून टाकू का?” तिने विचारलं. मी म्हटलं, राहू दे.

अनामत ४५ हजार. ९४० वजा करून ४४,०६० रुपये तिच्यासमोर, टेम्पो सुटायच्या आत, बँकेतून पाठवले. मेसेज आला तेव्हा तिने नवऱ्याला हाक मारून दाखवला. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं. आधीच्या घरमालकानं अनामत द्यायला चार महिने लावले होते, तेही रंगाचे म्हणून बारा हजार कापून. नव्यानं या व्यवहारात उतरणाऱ्याला मी एक गोष्ट कळकळीनं सांगेन : अनामत आपले पैसे नव्हेत. ते कर्जाच्या हप्त्यात वापरायचे नाहीत, लग्नाच्या खरेदीत वापरायचे नाहीत. माझी ४५ हजारांची वेगळी ठेव आहे, तिला मी हात लावत नाही.

सकाळी ९:४५

रिकामं घर वेगळंच बोलतं. कपाट हललं की त्यामागची भिंत दिसते.

बेडरूमची जी भिंत न्हाणीघराला लागून आहे, तिच्यावर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंगाला फुगवटे आलेत. तिथे कपाट होतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. अंगठ्यानं एक फुगवटा दाबला. पापुद्रा तुटला आणि आतून मिठासारखी पांढरी भुकटी फरशीवर सांडली. लोणा. तळहात टेकवला तर भिंत थंड आणि किंचित ओलसर. बाहेर अजून पावसाचा थेंब नाही, म्हणजे पाणी आतलंच.

प्लंबर दादा दहाला आले. ते आधी काही फोडत नाहीत, म्हणून मला ते आवडतात. नहाणीच्या जाळीखाली त्यांनी बोट फिरवलं, फरशीच्या सांध्यांवरून पेचकस ओढला. एका कोपऱ्यात व्हाइट सिमेंट भाजलेल्या पापडासारखं सुटून आलं. “पाइप ठीक असावा ताई,” ते म्हणाले, “सांधे गेलेत. पाणी फरशीखाली जातंय आणि भिंत ते पिते. पण आधी खात्री करू.”

खात्री म्हणजे पाणी कोंडणं. त्याआधी नळ दहा मिनिटं सोडून भिंतीतल्या पाइपचा आवाज ऐकला, पाण्याच्या मीटरचा काटा पाहिला. सगळे नळ बंद असताना काटा स्थिर, म्हणजे पाइप गळत नाही. मग सांधे खरवडून त्यात एपॉक्सी भरायचं, सोमवारपर्यंत वाळू द्यायचं, नहाणीला बोळा लावून दोन इंच पाणी भरायचं आणि ४८ तास तसंच ठेवायचं. भिंतीवर खडूनं ओलीची हद्द आखली, पुढे सरकते का ते कळेल. मालासकट ४,२०० रुपये.

खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं. त्यांच्या न्हाणीघराच्या छताला एक पिवळट डाग आहे. “तीन महिन्यांपासून आहे,” त्या म्हणाल्या, “तुमच्या भाडेकरूंना कशाला त्रास द्यायचा म्हणून बोलले नाही.” हे ऐकून मला फार वाईट वाटलं. तीन महिन्यांपूर्वी कळलं असतं तर तीन महिन्यांपूर्वी थांबलं असतं. माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये घातला आणि सांगितलं, पुन्हा काही दिसलं तर सरळ मला फोन करा, रात्री केलात तरी चालेल.

दुरुस्तीचे पैसे लोक ‘खर्च’ म्हणून लिहितात. मी मात्र दर महिन्याला दीड हजार दुरुस्तीच्या नावानं बाजूला काढते, घर चांगलं चाललेलं असतानाही. म्हणून आज ४,२०० ऐकून पोटात गोळा आला नाही.

दुपारी १२:००

सोसायटीचं ऑफिस शनिवारी दोन तास उघडं असतं. सेक्रेटरी काका निवृत्त शिक्षक, काम चोख. पण मागच्या वर्षी इथेच माझा पहिला वाद झाला होता. भाड्यानं दिलेल्या फ्लॅटचं बिनभोगवटा शुल्क म्हणून महिन्याला ८०० रुपये लावले होते. मी शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश वाचला, त्याची प्रत नेली. हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तेही महापालिकेचे कर सोडून. माझं सेवाशुल्क १,५०० रुपये, म्हणजे १५० पर्यंत. पुढच्या सभेत ते सगळ्यांसाठीच दुरुस्त झालं. तेव्हापासून काका मला जरा जास्तच मान देतात.

आज त्यांनी नवीन कुटुंबाचं आडनाव विचारलं. आडनाव ऐकून क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मांसाहार वगैरे...?”

मी शांतपणे सांगितलं की काका, मी ते विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. उपविधींप्रमाणे भाड्यानं द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवायचं, करार आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. ते सगळं मी देतेय. मी विचारलं ते एवढंच : काम काय, आधी कुठे राहत होतात, तिथल्या मालकांशी बोलू का. त्या मालकांशी मी बोलले. पाच वर्षांत एकदाही भाडं चुकलं नाही, एकदा उशीर झाला तो आजारपणात, आणि तोही आधी सांगून.

काकांनी अर्ज ठेवून घेतला. या प्रश्नावर मला भांडायला आवडत नाही, पण तो सोडून द्यायलाही मी तयार नाही. ज्या शहरात आडनावावरून, एकटी बाई म्हणून, खाण्यावरून माणसांना घर नाकारलं जातं तिथे घरमालक होणं ही जबाबदारी आहे, असं मला मनापासून वाटतं.

दुपारी १:३०

ऑफिसमधली मैत्रीण डबा घेऊन आली. ती एका नव्या टॉवरमध्ये फ्लॅट बुक करायच्या विचारात आहे आणि तिला ‘खरं काय ते’ ऐकायचं होतं. रिकाम्या हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून बसलो. पोळी-भाजी खाता खाता तिने विचारलं, “अगं, किती टक्के सुटतात?”

मी वहीच उघडली. फ्लॅट ४५ लाखांचा. माझ्या नावावर घेतला म्हणून मुद्रांक शुल्क सातऐवजी ६ टक्के, २ लाख ७० हजार. नोंदणी फी ३० हजार. म्हणजे चावी हातात यायच्या आधीच ४८ लाख. नव्या भाडेकरूचं भाडं १५ हजार, वर्षाचे १ लाख ८० हजार. आता वजाबाकी. वर्षात एक महिना घर रिकामं धरायचं, १५ हजार गेले. सोसायटी महिना १,८००, वर्षाचे २१,६००. दुरुस्तीचे १८ हजार. वर महापालिकेचा मिळकतकर. स्वतः राहणाऱ्यांना पुण्यात जी ४० टक्के सवलत मिळते ती भाड्यानं दिलेल्या घराला नाही. हाती उरतात सव्वा लाखाच्या आत. ४८ लाखांवर अडीच टक्के.

“एवढेच?”

“एवढेच. आणि यात कर्ज धरलेलं नाही.”

माझे २५ लाख स्वतःचे, २० लाख बँकेचे. साडेआठ टक्के, पंधरा वर्षं, हप्ता साधारण १९,७००. भाड्यातून सोसायटीचे पैसे गेल्यावर १३,२०० उरतात. म्हणजे दर महिन्याला साडेसहा हजार मी पगारातून घालते, शिवाय दुरुस्तीचे दीड हजार. हे जमणार नसेल तर घर घ्यायचंच नाही. सहा हप्त्यांचे पैसे आधी बाजूला टाकून मगच मी सही केली होती.

आयकराचंही सांगितलं. भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, कर्जाचं व्याजही वजा होतं. पण नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. कर वाचेल म्हणून कुणी घर घ्यायला सांगत असेल तर आधी आपण कोणत्या प्रणालीत आहोत ते पाहावं.

“मग तू घेतलंस कशाला?”

मला पेन्शन नाही. कर्ज फिटेल तेव्हा मी ५८ वर्षांची असेन आणि त्यानंतर दर महिन्याला एक रक्कम येईल, जी महागाईबरोबर थोडीथोडी वाढेल. मला त्यातून एवढंच हवंय. किंमत वाढेल की नाही हे माझ्या हातात नाही, म्हणून ते मी हिशेबात धरलेलंच नाही. ती म्हणते त्या टॉवरचा ताबा तीन वर्षांनी. तोवर भाडं शून्य, आणि ती सध्या राहते त्या घराचं भाडं चालूच. मला दहा-बारा वर्षं जुनी, नोंदलेली सोसायटी बरी वाटते. तिथे पाण्याचं काय ते टँकरवाल्याला विचारून कळतं, जिना कसा ठेवलाय ते दिसतं, शेजारचं घर किती भाड्यानं गेलंय ते वॉचमन सांगतो.

मी घर शोधत होते तेव्हा याच परिसरात, गाव महापालिकेत यायच्या आधी बांधलेल्या एका इमारतीत, २४ लाखांत एवढाच फ्लॅट मिळत होता. गुंठ्यावरची इमारत, मंजूर नकाशा नाही, भोगवटा प्रमाणपत्र नाही. मी अर्ज केला तर बँकेनं कर्ज नाकारलं. त्या दिवशी हिरमुसले होते. आज वाटतं, त्या नकारानं मला वाचवलं. नंतर या घरासाठी वकिलांकडून मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल करून घेतला, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू) काढली, सोसायटीचं भागपत्र आणि थकबाकी नसल्याचं पत्र पाहिलं. या सगळ्याला पंधरा-सोळा हजार लागले.

मैत्रीण बराच वेळ वहीकडे पाहत होती. मग म्हणाली, “हे पान मला दे, मी माझे आकडे घालून बघते.”

दुपारी ३:३०

इलेक्ट्रिशियन. गिझरचं अर्थिंग टेस्टरनं तपासलं, वीजगळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या ईएलसीबीचं बटण दाबून पाहिलं, लगेच पडलं. हे दर वेळी करायचंच. रंगाऱ्याला बेडरूमची भिंत सोडून बाकीचं घर दाखवलं. ती भिंत वाळल्याशिवाय रंग नाही. फाटक्या जाळीचं माप घेतलं.

संध्याकाळी ६:३०

नवं कुटुंब आलं. नवरा-बायको, पाचवीतून सहावीत जाणारा मुलगा. नवरा नऱ्ह्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. बायको आल्याबरोबर बेडरूममध्ये गेली, भिंतीवरची खडूची रेघ पाहिली आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी काय झालंय आणि काय करतोय ते सगळं सांगितलं. सात तारखेला ताबा द्यायचा ठरला होता. भिंत तोवर वाळली नाही तर जितके दिवस उशीर होईल तितक्या दिवसांचं भाडं नाही, हे करारात लिहून घेतलं.

करार नोंदवणारा मुलगा लॅपटॉप आणि बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र घेऊन आला होता. नवऱ्यानं विचारलं, “अकरा महिन्यांचाच असतो ना? नोंदणी कशाला मग, नोटरी चालेल की.”

हा गैरसमज फार जुना आहे. १९०८ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यात वर्षाच्या पुढच्या भाडेपट्ट्यांना नोंदणी सक्तीची, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. पण महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदलेलाच हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि नोंदलेला असेल तर मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट भरपाईही मागता येते. आईच्या वाड्याच्या वेळी असा कागद नव्हता.

करार २२ महिन्यांचा केला, मुलाची दोन शालेय वर्षं एका घरात व्हावीत म्हणून. पहिले अकरा महिने १५ हजार, पुढचे अकरा १५,७५०. एकूण भाडं आणि अनामतीवरचं वर्षाला १० टक्के व्याज धरून त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क. साधारण नऊशे रुपये. नोंदणी फी हजार. निम्मे निम्मे वाटून घेतले.

माझा ठसा लगेच उमटला. त्यांचा उमटेना. अंगठा ठेवला, यंत्र लाल. पुसून ठेवला, पुन्हा लाल. वीस वर्षं तापलेलं लोखंड आणि कूलंटमध्ये राहिलेले हात. बोटांच्या रेषा घासून गुळगुळीत झालेल्या, चिरांमध्ये काळं कायमचं बसलेलं. ते ओशाळले. “साबणानं धुऊन येतो,” म्हणून उठले. करारवाला मुलगा समजूतदार होता, म्हणाला, “काका, घाई नाही, सगळी बोटं बघू.” तर्जनी, मधलं बोट, उजवा हात, डावा हात. बायकोनं पदराचं टोक पाण्यात भिजवून त्यांचं एकेक बोट पुसून दिलं. डाव्या हाताच्या अनामिकेला हिरवा दिवा लागला.

मुलगा तेवढ्यात छताकडे बघत होता. “ती कडी कशाची?”

“पाळण्याची होती.”

“मी झोका लावू?”

वडील त्याला दटावणार तोच मी म्हटलं, पक्की आहे, लाव.

रात्री ८:३०

पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूंची माहिती भरली. सोसायटीला द्यायच्या प्रती काढल्या. चावीची एक जोडी माझ्याकडे राहते, पण ती पाकिटात बंद आणि पाकिटावर त्यांची सही. ते राहत असताना मी विचारल्याशिवाय त्या घरात पाऊल ठेवत नाही. हेही मी करारात घातलंय.

परतताना सिंहगड रस्त्यावर अर्धा तास अडकले. घर माझ्या राहत्या घरापासून वीस-पंचवीस मिनिटांच्या आत असावं हा माझा हट्ट होता, आणि शनिवारी संध्याकाळी तोही पुरत नाही.

रात्री १०:००

वहीत आजचं पान : अनामत परत ४४,०६०. प्लंबर ४,२००. इलेक्ट्रिशियन ६५०. नोंदणीतला माझा वाटा. सोमवारी : एपॉक्सी वाळलं का, पाणी कोंडणे. बुधवारी : खडूची रेघ पाहणे. त्याखाली वहिनींचा नंबर.

आईने विचारलं, “गेले ना नीट?” मी हो म्हटलं आणि नाशिकहून आलेला फोटो दाखवला : नव्या घरातल्या रिकाम्या फरशीवर रांगणारी मुलगी. आईने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

मग फोन वाजला. खालच्या वहिनी. “आता बॅटरी लावून बघितलं,” त्या म्हणाल्या, “डाग आहे तेवढाच आहे हो. सकाळी परत बघते आणि कळवते.”